पाठ बारकीची, मान माझी

...नाही, पण मी काय म्हणतो, डॉक्टरनं विचारलं "कळलं ना?" तर माणसानं काय म्हणायचं असतं? "हो" म्हणायचं असतं! दुसरं काही उत्तर असतं का त्याला? आजवर कुणी म्हटलंय, "नाही कळलं बुवा, पुन्हा सांगा"? बाहेर बाकांवर माणसं खोकत बसलेली, कंपाउंडर दर मिनिटाला दार किलकिलं करून आत बघतोय, डॉक्टरांचा एक हात घंटीवर, आणि आपण म्हणायचं पुन्हा सांगा? छे! माझे वडील मान हलवायचे, त्यांचे वडील मान हलवायचे. तुम्हाला सांगतो, डॉक्टरपुढे मान हलवण्यात आमच्या घराण्याचा हात धरणारा अजून जन्माला यायचाय. आणि नेमकी अशा घरात ही पोरगी जन्माला यावी?

आमची बारकी हो! जन्मली तेव्हा ओंजळीत मावायची म्हणून बारकी. आता उभी राहिली की माझ्या डोक्यावरून मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचते, पण नाव काही वाढलं नाही. तेरा संपून चौदावं लागलेलं, तेव्हाची गोष्ट. मी शिंपी. कोट, पँट आणि शाळांचे गणवेश. तर बारकीचा नवा शाळेचा शर्ट शिवला. घालून समोर आली. बघतो तर डावीकडून खाली, उजवीकडून वर! म्हटलं, असेल, कापताना हात हलला असेल. उसवला. पुन्हा शिवला. पुन्हा तेच! अहो, तीस वर्षं कात्री चालवतोय, आणि माझ्याच पोरीला शर्ट वाकडा बसावा? गिऱ्हाइकांनी बघितलं असतं तर दुकानाला कुलूप! शर्ट टेबलावर पसरला, टेप लावला, इकडून मोजला, तिकडून मोजला. शर्ट सरळ होता.

पोरगी वाकडी होती.

हसू नका. मीही नाही हसलो. तेवढ्यात माझ्या हातातला खडू पडला, ती उचलायला वाकली, आणि तिच्या पाठीची उजवी बाजू अशी वर आली... म्हणजे कसं सांगू, अस्तराखाली कापडाची घडी राहून गेली की कसा उंचवटा येतो, तशी. मी हिच्या आईला हाक मारली. आईनं हात फिरवला. पुन्हा फिरवला. मग माझा टेप ओढून घेतला आणि स्वतःच मोजायला लागली.

मग काय, घराला तोंड फुटलं! माझी ताई, म्हणजे बारकीची आत्या, वरच्याच मजल्यावर राहते, तिला शिंक ऐकू गेली तरी काढा घेऊन उतरते. ती आली. "दप्तर! मी सांगत होते, एका खांद्यावर दप्तर घेऊ नको! आता भोगा!" मी मान हलवली. शेजारचा घड्याळवाला डोळ्यातलं भिंग न काढताच म्हणाला, "लोंबकळायला सांगा मास्तर, रोज सकाळी लोंबकळायचं, कणा आपोआप ओळंब्यात येतो." मी मान हलवली. पोरगी दाराच्या चौकटीला लोंबकळली, दुसऱ्या दिवशी चौकट खाली आली. एक वकीलसाहेब कोटाच्या मापाला आले होते, ते म्हणाले, "पालथी झोपते का? मग झालं तर!" काय झालं तर? काय कळलं त्यांना? पण साहेबांचे दोन्ही हात वर, माझा टेप त्यांच्या छातीभोवती... मी आपली मान हलवली.

शेवटी हाडांच्या डॉक्टरांकडे गेलो. मोठा दवाखाना, गुळगुळीत फरशी, चप्पल वाजली तरी आपल्यालाच चोरट्यासारखं वाटतं. एक्स-रे काढला. डॉक्टरांनी तो उजेडावर लावला. कणा म्हणजे कसा पाहिजे, ओळंब्यासारखा! हा निघालेला नदीसारखा, आधी उजवीकडे, मग डावीकडे. डॉक्टर माझ्याकडे बघून बोलायला लागले. पोर समोर बसलेली, पाठ तिची, पण बोलणं सगळं माझ्याशी. "हे बघा, स्कोलिओसिस आहे, तीस अंशांच्या आसपास वळण आहे, वाढीचं वय आहे, ब्रेस लावू या, कळलं ना?"

मला 'आहे' तेवढं कळलं. मी मान हलवली.

"मला नाही कळलं," बारकी म्हणाली.

अहो, डॉक्टरांच्या तोंडावर! मी टेबलाखालून तिचा पाय दाबला. तिनं पाय काढून घेतला. डॉक्टरांनी पहिल्यांदा तिच्याकडे बघितलं. घड्याळाकडेही बघितलं, खोटं कशाला बोलू, पण मग खुर्ची तिच्याकडे वळवली. "काय नाही कळलं?" "म्हणजे झालंय काय? आणि कशानं झालं? दप्तरानं?" डॉक्टर म्हणाले, "दप्तरानं होत नाही. वाकून बसण्यानंही होत नाही. तुझ्यासारख्या मुलींमध्ये बहुतेक वेळा कारण सापडतच नाही. तू काही चुकीचं केलेलं नाहीस." बारकीनं माझ्याकडे अशी नजर टाकली की आत्याला हे आता शब्दन् शब्द ऐकवलं जाणार!

मग डॉक्टरांनी तिला विचारलं, "पाळी कधी सुरू झाली?"

आता मला सांगा, अशा वेळी बापानं कुठे बघायचं? मी छताला लागलेल्या पंख्याकडे बघितलं. पंखा बंद होता. तरी मी तो फिरतोय असं समजून बघत राहिलो. माझे कान तापले. पण पोरगी? दप्तरातलं पुस्तक काढावं तितक्या सहज सांगितलं तिनं, अमुक महिन्यात. वर विचारलं, "पाठीचा आणि त्याचा काय संबंध?" डॉक्टर म्हणाले, "त्यावरून कळतं, तुझी उंची अजून किती वाढायची राहिली आहे. उंची वाढते तसं वळण वाढायची भीती असते." म्हणजे कामाचाच प्रश्न होता की हो! आणि मी पंखा बघत होतो.

तर ब्रेस म्हणजे काय, तर कडक प्लॅस्टिकचा कवचासारखा साचा. काखेपासून कमरेपर्यंत. मागे पट्टे. दिवसाचे जास्तीत जास्त तास घालायचा, झोपतानासुद्धा, उंची वाढायची थांबेपर्यंत. मी म्हटलं, ठीक आहे, डॉक्टर सांगतायत, लावा. मान तयारच होती. तर ही म्हणते, "ब्रेसनं कणा सरळ होतो?" "नाही. वाढू नये म्हणून असतो." "मग शंभर मुलींनी घातला तर किती जणींचा वाढत नाही?"

शंभर मुली! माझी एक मला आवरत नव्हती!

डॉक्टरांनी चष्मा काढला. म्हणाले, "ऑपरेशनची वेळ येत नाही अशा... साधारण सत्तर, थोड्या जास्तच." "आणि शंभर जणींनी नाहीच घातला तर?" "तरी जवळपास निम्म्या जणींवर वेळ येत नाही." मी खुर्चीतून उठलोच! म्हटलं, अहो, निम्म्या जणी अशाच सुटत असतील तर मग हवाय कशाला? डॉक्टर म्हणाले, "कारण निम्म्या सुटत नाहीत. आणि ही कुठल्या निम्म्यात आहे, ते मला आज सांगता येत नाही."

डॉक्टरला सांगता येत नाही! असं डॉक्टर बोलतात? मला तर पायाखालची फरशी सरकल्यासारखं झालं. आणि बारकी? ती उलट निवांत झाली. पहिल्यांदाच पाठ टेकून बसली. डॉक्टर म्हणाले, "हे विचारायला कुणी शिकवलं तुला?" तर म्हणे, "शाळेत आरोग्याच्या तासाला. बाई म्हणतात, केलं तर काय होईल, नाही केलं तर काय होईल, आणि दुसरं काही करता येईल का, हे विचारल्याशिवाय दवाखान्यातून उठायचं नाही." आमच्या वेळी आरोग्याच्या तासाला फक्त नखं बघायचे हो! डॉक्टर म्हणाले, "घरी जा, विचार करा, पुढच्या आठवड्यात सांगा. फार लांबवू नका."

विचार करा? मी कसला विचार करणार? मी घरी येऊन ताईला सांगितलं, आणि ताईनं विचार केला! ताईचा विचार म्हणजे बाजारात जिन्यावर हातानं पाठी सरळ करून देणारा एक गृहस्थ. आम्ही त्याला आपसात कणावाला म्हणतो. बाहेर भला मोठा फलक, आत फोटोच फोटो, वाकडी माणसं डावीकडे, सरळ झालेली उजवीकडे. हसरा माणूस! आम्ही गेल्या गेल्या बारकीच्या पाठीवर हात ठेवला आणि डोळे मिटून म्हणाला, "तीन आठवडे. शंभर टक्के सरळ. ब्रेस नाही, काही नाही."

आणि तुम्हाला खरं सांगतो, मला तो आवडला! का नाही आवडणार? तिकडे एवढा शिकलेला माणूस म्हणतो शंभरात सत्तर, सांगता येत नाही, बघू या. इकडे हा म्हणतो शंभर! तुम्ही दुकानात गेलात, एक कापडवाला म्हणाला "रंग बहुतेक टिकेल" आणि दुसरा म्हणाला "जन्मभर जाणार नाही", तर तुम्ही कुठला ताका उचलाल? घाबरलेल्या माणसाला खरं नको असतं हो, पक्कं हवं असतं.

बारकी फोटोंपुढे उभी राहिली होती. म्हणाली, "काका, या मुलीचे आधीच्या फोटोत हात खाली आहेत आणि नंतरच्या फोटोत डोक्यावर. हात वर ताणले की माझीपण पाठ जरा सरळ दिसते. हिचा एक्स-रे आहे का?" कणावाला हसला. "बाळ, एक्स-रे खोटं बोलतो. हात खरं बोलतो." काय वाक्य होतं! ताईनं मान हलवली, मी मान हलवली... "बाबा!" ती ओरडली, आणि माझी मान वरच्या वर थांबली. "आणि तीन आठवड्यांत नाही झालं तर?" कणावाल्याचं हसू जरा आटलं. "विश्वास नसेल तर गुण येत नाही." झालं! म्हणजे सरळ झाली तर त्याचं यश, नाही झाली तर पोरीचा विश्वास कमी! आम्ही जिना उतरलो. ताई पुढे दोन आठवडे माझ्याशी बोलली नाही, पण तो वेगळा फायदा.

त्या दिवशी संध्याकाळी दुकान आवरत होतो. बारकी कापायच्या टेबलावर पाय हलवत बसली. म्हणाली, "बाबा, तुम्हाला काय वाटतं?" "घाल की." "का?" "...डॉक्टर म्हणाले." "पण घालूनही काही जणींचा वाढतोच. मी त्यातली असले तर? सगळी वर्षं उन्हाळ्यातसुद्धा डब्यात बसायचं, आणि वर ऑपरेशन." मी रिळं लावत बसलो, लाल जागी निळं, निळ्या जागी लाल. मग तीच म्हणाली, "पण नाही घातला आणि वाढला, तर मला रोज वाटेल, घातला असता तर... ते मला नकोय. मी घालते. पण मी ठरवलंय म्हणून हं. तुम्ही मान हलवलीत म्हणून नाही."

बघा, म्हणजे पोरीनं तेच केलं जे मी पहिल्या दिवशीच करणार होतो! मग एवढा खटाटोप कशाला? मलाही तसंच वाटलं होतं. थांबा, पुढे ऐका.

ब्रेस आला. मी वरून घालायला ढगळ शर्ट शिवले, आतून मऊ बनियनं शिवली, शिवणी बाहेरच्या बाजूला, टोचू नयेत म्हणून. सुरुवातीला वर्गात मजा. "कासव आलं, कासव आलं!" तीही हसायची. मग एक कार्टा रोज मागून यायचा, पाठीवर टकटक करायचा आणि म्हणायचा, "घरात कुणी आहे का?" पहिल्यांदा हसू येतं हो. रोज रोज नाही येत. आणि एक दिवस मी अस्तराच्या गठ्ठ्यामागे हात घातला तर टोपलीत काय? ब्रेस! जुन्या कापडांखाली नीट झाकून ठेवलेला. शाळेत जाताना दुकानात शिरायचं, काढून ठेवायचा, आणि हळूहळू परत घालायचाच नाही. शर्ट इतके ढगळ, की आम्हाला पत्ताच नाही!

माझ्या घशाशी आलं होतं बोलणं. पण तिची आई म्हणाली, "ओरडू नका. विचारा." आता विचारायची सवय आहे का मला? टोपली होती तशी ठेवली.

आणि तपासणीची तारीख आली. तेच डॉक्टर, तीच गुळगुळीत फरशी. डॉक्टर म्हणाले, "काय, रोज घालते ना ब्रेस?"

"हो हो!" मी म्हटलं, आणि जोरात मान हलवली.

"नाही," बारकी म्हणाली.

एकदम! एकाच वेळी! डॉक्टर एकदा माझ्याकडे बघतायत, एकदा तिच्याकडे. मला वाटलं धरणी दुभंगावी. ती सांगत गेली, "बरेच दिवस घातला नाही. कमरेच्या हाडावर घासतो, तिथं सोललंय. आणि वर्गात पाठीवर टकटक करतात." डॉक्टर ओरडतील म्हणून मी मान खाली घातली. डॉक्टर ओरडले नाहीत. म्हणाले, "बरं झालं सांगितलंस. पुष्कळ जण 'घालतो' म्हणून सांगतात. मग मला वाटतं घालूनही वाढतोय, ब्रेसचा उपयोग नाही, आणि मी ऑपरेशनचं बोलायला लागतो." ऑपरेशन! माझ्या त्या 'हो हो'मधून ऑपरेशन निघालं असतं? मी कुणाचं भलं करत होतो?

त्यांनी ब्रेस बनवणाऱ्याला बोलावलं. पोर वाढली होती, ब्रेस तेवढाच होता, घासणारच! त्यानं कड गरम करून बाहेर वळवली, आतून गादी लावली. शाळेचं बारकीनंच काढलं, "शाळेत नाही घातला आणि बाकी सगळा वेळ घातला तर?" डॉक्टर म्हणाले, "जास्त तास म्हणजे जास्त फायदा, हे खरं आहे. पण टोपलीतला ब्रेस कुणाचाच कणा धरत नाही. शाळा सोडून बाकी वेळ, पण प्रामाणिकपणे. जमेल?" ती जरा विचार करून म्हणाली, "जमेल."

बाहेर पायऱ्यांवर आलो आणि मी फुटलो. "मला खोटं पाडलंस! चारचौघांत!" ती म्हणाली, "पण तुम्ही खोटं बोललात कशाला?" "तुला ओरडले असते म्हणून!"

आणि ती रडायला लागली.

तुम्हाला सांगतो, मी विसरलोच होतो हो. जी पोर डॉक्टरला एवढे प्रश्न विचारते, ती रडूही शकते, हे माझ्या डोक्यातच नव्हतं. मला वाटायचं, ही धीट आहे. पायरीवर बसली, गुडघ्यांत तोंड घातलं आणि म्हणाली, "मला खूप भीती वाटते, बाबा. पहिल्या दिवसापासून वाटते. विचारलं नाही तर आणखी वाटते. म्हणून विचारते." मी तिच्या शेजारी बसलो. येणारे-जाणारे वळसा घालून जात होते. भीती तीच हो. तीच! मीही घाबरूनच मान हलवत होतो, लवकर खोलीतून बाहेर पडावं म्हणून. आणि ती घाबरूनच आत बसून राहत होती. दोघंही एकाच भीतीचे, पण तिच्या भीतीला निदान काही उत्तर मिळत होतं.

मग घातला तिनं. उन्हाळे काढले त्यात. कधी चिडली, कधी भिंतीवर आपटला, कधी एखादा दिवस चुकवला, आणि चुकवला की डॉक्टरांना जाऊन सांगितलं. टकटक करणाऱ्याला तिनं एकदा एक्स-रेच नेऊन दाखवला. तो एवढा घाबरला की आईला म्हणाला, माझीपण पाठ तपासा!

शेवटी डॉक्टर म्हणाले, आता उंची थांबली. शेवटचा एक्स-रे. सुरुवातीला वळण जरा वाढलं होतं, मग थांबलं. सरळ काही झालं नाही. ऑपरेशन नको. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी डॉक्टरांचे हात धरले, म्हटलं, तुमच्या ब्रेसनं वाचवलं! आणि बारकी काय विचारते? "डॉक्टर, ब्रेसमुळे थांबला, की नाहीतरी थांबणारच होता?" डॉक्टर म्हणाले, "तुझ्या बाबतीत ते कुणालाच सांगता येणार नाही." ती म्हणाली, "चालेल."

चालेल! एवढे उन्हाळे, एवढी घासाघीस, आणि चालेल! मला नाही चालत हो. मी अजून कधी कधी शिवता शिवता थांबतो आणि विचार करतो, घातला नसता तर? ती नाही करत. तिनं तेव्हा सगळं बघून ठरवलं होतं ना, तिचा हिशेब मिटला.

आता आख्खी गल्ली म्हणते, पोरगी डॉक्टर होणार. ताई तर सांगतच सुटलीय, "मी आधीच म्हटलं होतं!" काय म्हटलं होतं? दप्तर म्हटलं होतं! तर परवा मी तिला विचारलं, "काय गं, डॉक्टर व्हायचं ना?" ती म्हणाली, "छे! मला नाही डॉक्टर व्हायचं. माझी पाठ होती, म्हणून मला कळायला हवं होतं. तेवढ्यासाठी डॉक्टर कशाला व्हायला पाहिजे?" बरं. पटलं. म्हटलं, "मग काय व्हायचंय?" तर म्हणे, "ठरवलं नाही अजून. माहिती काढतेय."

माहिती काढतेय! म्हटलं, आता दोन-चार वर्षांची निश्चिंती. मी आपला मुकाट्यानं स्टूल ओढलं आणि बसलो. बसताना जरा तोंडातून "आई गं" निघालं. एवढंच. हळूच. मशीनच्या आवाजात कुणाला ऐकूही गेलं नसतं. तर ही मान वळवून म्हणते, "बाबा, गुडघे कधीपासून दुखतायत?"

संपलं! सोमवारी दवाखान्यात जायचंय. म्हणजे ती जाणार आहे... मला बरोबर नेतेय.